पाचपैकी पाच

जगदाळे आमच्या दारात पहिल्यांदा उभे राहिले तेव्हा त्यांच्याजवळ पेटी नव्हती, वळकटी नव्हती, अंगात धड कोटही नव्हता. होती ती फक्त एक हॉकी स्टिक, जुन्या धोतरात गुंडाळलेली. गाडी बदलताना पेटी डब्यातच राहिली आणि परस्पर हांबुर्गला निघून गेली, असं त्यांनी सांगितलं.

"पेटी काय, येईल परत. स्टिक मांडीवर होती म्हणून वाचली बघा, वहिनी."

ओळख होण्याआधीच मी वहिनी झाले होते. आमचे हे रसायनशास्त्रात डॉक्टरेट करत होते, ती मिळायला अजून दोन वर्षं होती. पण जगदाळ्यांनी त्यांना त्याच क्षणी 'डॉक्टर' करून टाकलं.

पन्नासचं दशक संपत आलेलं. जर्मनीतलं डार्मश्टाट लढाईत अर्धं पडलेलं आणि अर्धं बांधलं जात असलेलं. फ्राऊ बोर्मुट नावाच्या विधवा बाईंच्या घरात तिसऱ्या मजल्यावर आमच्या दोन खोल्या होत्या. गावात येणारा प्रत्येक मराठी मुलगा पहिल्या आठवड्यात कधीतरी वरणभाताला आमच्याकडे यायचाच. बाकीचे येत आणि जात. जगदाळे आले ते राहिलेच. म्हणजे झोपायला दुसरीकडे, पण जेवायला, बोलायला आणि हरवलेली पेटी परत आल्यावर ती ठेवायलाही आमच्याकडे.

ते खडकीचे. वडील तिथल्या कारखान्यात फिटर. घराशेजारी मैदान होतं, त्यामुळे चालायला शिकले ते चेंडूच्या मागेच. इथे एका यंत्रांच्या कारखान्यात वर्षभर उमेदवारी करायची, मग होखशूलेत, म्हणजे इथल्या इंजिनियरिंगच्या विद्यापीठात, नाव घालायचं असा बेत होता. बेत वडिलांचा. जगदाळ्यांचा स्वतःचा बेत एवढाच होता, की कुठेतरी अकरा माणसं आणि एक चेंडू सापडावा.

तो सापडायला वेळ लागला नाही, कारण होखशूलेत प्रोफेसर ड्रेशर होते. उंच, वाळके, पाइप ओढणारे. शिकवायचे यांत्रिकी, पण जीव विद्यार्थ्यांच्या हॉकी संघात. लढाईच्या आधी त्यांनी बर्लिनमध्ये भारतीयांचा खेळ पाहिला होता आणि तेव्हापासून त्यांची ठाम समजूत होती, की हिंदुस्थानात मूल जन्मतं ते हातात स्टिक घेऊन. ह्या समजुतीपायी त्यांनी आधी आमच्या ह्यांना कॉरिडॉरमध्ये गाठून गोलकीपर केलं होतं.

"अहो, नाही म्हणायचं ना!" मी म्हटलं होतं.

"जर्मनमध्ये नाही म्हणेपर्यंत त्यांनी पॅड बांधले," हे म्हणाले.

त्या एकुलत्या एका सामन्यात ह्यांनी एक चेंडू अडवला. मग तो हातात उचलून, चष्मा सावरून, समोरच्या संघाच्या खेळाडूला अदबीनं परत दिला. त्यानं तो गोलात मारला.  त्यानंतर ड्रेशर ह्यांना भेटले की फक्त हवापाण्याचं बोलत.

त्यामुळे 'आणखी एक भारतीय आला आहे' हे ऐकून ड्रेशर मैदानावर आले ते छत्री न मिटता, पाच मिनिटं थांबायच्या इराद्यानं. जगदाळ्यांच्या पायात आमच्या ह्यांचे कॅनव्हासचे बूट होते, एक नंबर मोठे. ते सहासात जणांना चुकवत गोलापर्यंत गेले, तिथे गोल न मारता मागे वळले, आणि राहून गेलेल्या दोघांना वाईट वाटू नये म्हणून त्यांनाही चुकवून आले. ड्रेशरांचा पाइप विझला. त्यांनी छत्री मिटली, पाऊस पडत असताना.

"हा गृहस्थ कधीपासून खेळू शकेल?" त्यांनी ह्यांना विचारलं. पुढच्या महिन्यात हायडेलबर्गशी सामना होता, आणि हायडेलबर्गला हरवलेलं कोणाच्या आठवणीत नव्हतं.

अडचण एकच होती. संघात खेळायचं तर विद्यार्थी म्हणून नाव दाखल असायला हवं. नाव दाखल व्हायला आपल्याकडचं मॅट्रिक आणि इंटर पुरत नव्हतं. त्यावर इथली प्रवेशपरीक्षा द्यायची: जर्मन भाषा, गणित आणि यांत्रिकी. ती उमेदवारी चालू असतानाही देता येई, पण दोनदाच. दुसऱ्यांदा नापास झालं की राहायची परवानगी संपली, घरी जायचं.

जगदाळ्यांवर ह्याचा काही परिणाम झाला नाही. पुण्यात कॉलेजप्रवेशाच्या वेळी प्रिन्सिपलसाहेबांनी त्यांचे गुण विचारलेच नव्हते, "लेफ्ट इन की सेंटर फॉरवर्ड?" एवढंच विचारलं होतं. म्हणून इथेही ते परदेशी विद्यार्थ्यांच्या कचेरीत गेले ते हॉकीची सगळी सर्टिफिकिटं घेऊन, तीही रीतसर जर्मनमध्ये भाषांतर करून, शिक्के मारून. खिडकीतल्या बाईंनी एकूण एक सर्टिफिकिट शांतपणे वाचलं. त्यात एक खडकीच्या गणेशोत्सव मंडळाचं होतं, तेही वाचलं. मग सगळी नीट लावून परत दिली आणि म्हणाल्या, "फार छान. आता शिक्षणाचे कागद दाखवा."

"वहिनी, ती बाई हसलीसुद्धा नाही हो," जगदाळे मला सांगत होते. "हसली असती तर मी समजलो असतो की चाललं."

जर्मन भाषेचं त्यांनी वेगळंच करून ठेवलं होतं. सगळ्यांना छळतं ते जर्मनमधलं क्रियापद. ते कधी मध्ये, कधी शेवटी. जगदाळ्यांना शोध लागला, की 'वाइल', म्हणजे 'कारण', ह्या शब्दानं सुरुवात केली की क्रियापद नेमकं शेवटी जातं, आपल्या मराठीसारखं. झालं! त्यांनी प्रत्येक वाक्य 'वाइल'नं सुरू करायला घेतलं. वाइल मला भूक आहे. वाइल आज पाऊस पडतो. वाइल तुमची मांजर फार छान आहे. व्याकरण अगदी बिनचूक. फक्त समोरचा माणूस पुढच्या भागाची वाट बघत उभा राही. फ्राऊ बोर्मुट तर जिन्यात हातात बादली घेऊन ताटकळायच्या. "काय झालं ह्यांच्या मांजर छान असण्यामुळे?" त्या नंतर मला विचारत.

ड्रेशर एकदा म्हणाले, "हेर जगदाळे, मी तीन आठवडे तुमच्या मुख्य वाक्याची वाट पाहतो आहे."

"वाइल ते अवघड आहे," जगदाळे म्हणाले.

पहिली परीक्षा अशा तयारीनिशी झाली. यांत्रिकीचा पेपर ड्रेशरांनीच तपासला आणि तोंडीही त्यांनीच घेतली. उतारावरून गोळा सोडला तर त्याचा वेग कसा काढाल, असा प्रश्न होता. जगदाळ्यांनी विचारलं, गवत ओलं आहे की कोरडं? ड्रेशर म्हणाले, गवत नाही. जगदाळे म्हणाले, गवत नसेल तर खेळ कशाला ठेवला?

आठवड्यानं ते आमच्याकडे धावत जिना चढून आले. हातात केकचं खोकं.

"वहिनी, यांत्रिकीत पाच! जर्मनमध्ये पाच! गणितात चार, पण ते चालतंय हो. पाचपैकी पाच!"

फ्राऊ बोर्मुट आवाज ऐकून वर आल्या. त्यांनी जगदाळ्यांचे दोन्ही हात धरून अभिनंदन केलं, केकचा तुकडा घेतला, आणि मग आकडा ऐकला. त्यांनी तुकडा परत बशीत ठेवला. माझ्याकडे बघितलं. मी ह्यांच्याकडे बघितलं. हे चष्मा पुसायला लागले.

"भाऊजी," शेवटी मीच म्हटलं, "इथे एक म्हणजे सगळ्यात चांगला. पाच म्हणजे नापास."

जगदाळे खुर्चीवर बसले. 

"मग चार?"

"चार म्हणजे कसाबसा पास."

"म्हणजे गणितात मी पास?" ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा असा काही उजळला, की आम्ही सगळ्यांनी तो केक खाल्ला.

हायडेलबर्गचा सामना त्यांनी रेषेबाहेर उभं राहून पाहिला. पाहिला म्हणजे काय, खेळलाच. रेषेबाहेर त्यांचे पाय सतत चालू होते आणि शेजारी उभ्या असलेल्या ह्यांच्या नडगीवर दोनतीन लाथा बसल्या. होखशूले सात गोलांनी हरली. परत येताना ह्यांना राहवलं नाही. ते ड्रेशरांना म्हणाले, "प्रोफेसरसाहेब, तुम्ही एक आकडा इकडचा तिकडे केला असता तर?"

ड्रेशर रागावले नाहीत. चालता चालता म्हणाले, "केला असता. पण मग मला झोप लागली नसती. हायडेलबर्गकडून हरल्यावर मला उत्तम झोप लागते. सवय आहे."

ही हकीकत हायडेलबर्गपर्यंत पोचली. तिथल्या संघाचा कप्तान मोटरसायकलवर बसून आमच्या दाराशी हजर! म्हणाला, "आमच्याकडे यंत्रंबिंत्रं काही नकोत. संस्कृत विभागात नाव घाला. तुम्ही हिंदू, तुम्हाला संस्कृत येतच असणार."

जगदाळ्यांनी माझ्याकडे बघितलं.  लहानपणी त्यांना एक स्तोत्र घोकायला लावलं होतं, त्यातलं अर्धं येत होतं. पण डोक्यावर दुसऱ्या नापासाची टांगती तलवार, आणि इथे कोणी आपण होऊन दार उघडून उभं. ते माझ्या ह्यांचा टाय लावून मोटरसायकलच्या मागे बसून गेले.

संध्याकाळी आगगाडीनं परत आले. टाय खिशात.

"काय झालं, भाऊजी?"

"तिथले प्रोफेसर म्हातारे, गोरेपान. मला म्हणाले, या, बसा. संस्कृतात म्हणाले! मी बसलो. मग आणखी काहीतरी म्हणाले. मला वाटलं नाव विचारलं, म्हणून नाव सांगितलं. त्यांनी विचारलं होतं, चहा घेणार का."

"मग?"

"मग मी आपलं स्तोत्र सुरू केलं. त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं जमलं. चौथ्या ओळीला डोळे उघडून म्हणतात, तुमचा 'ष' चुकतो. वहिनी, तो जर्मन मला 'ष' म्हणून दाखवत होता! आणि त्याचा बरोबर होता हो!"

मी हसून हसून पोळपाटावर वाकले. तेही हसले. आणि मग हसता हसताच थांबले. त्यांचा आवाज मी तसा आधी ऐकला नव्हता.

"वहिनी, एक सांगू? शाळेत मला कोणी नापास केलं नाही. कॉलेजात नाही केलं. दर वर्षी ढकलला. सामने असायचे ना. मी पेपरात काय लिहिलंय ते कोणी बघितलंच नसणार. ह्या ड्रेशरबाबानं माझा पेपर पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. लाल शाईनं जागोजाग लिहिलंय. चुकीच्या बेरजेशेजारी लिहिलंय, 'इथपर्यंतचा विचार बरोबर.' इथपर्यंतचा का होईना, माझा विचार बरोबर होता. हे मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं."

आणि मग म्हणाले, "मी त्यांचीच परीक्षा देणार. अभ्यासाला बसवा मला."

दुसऱ्या दिवसापासून आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाची शाळा झाली. गणित ह्यांच्याकडे, जर्मन माझ्याकडे. ड्रेशरांनी तर कमालच केली. परीक्षक असताना उमेदवाराला शिकवणं त्यांना पटेना, म्हणून त्यांनी परीक्षकपद सोडलं आणि आपल्या जागी एका अशा सहकाऱ्याचं नाव सुचवलं, ज्यांना हॉकी गवतावर खेळतात की टेबलावर हेही माहीत नव्हतं. मग मोकळ्या मनानं ते जगदाळ्यांना मैदानावर घेऊन गेले. चेंडू स्टिकनं उचलून टाकतात, त्याला स्कूप म्हणतात. त्याचा कोन, वेग, वक्र हे सगळं त्यांनी फळ्यावर काढून समजावून दिलं. खेळातून यांत्रिकी!

त्याचा परिणाम असा झाला, की पुढचा आठवडाभर जगदाळ्यांना स्कूप मारताच येईना. स्टिक चेंडूखाली घालत आणि थांबत.

"काय झालं?" ड्रेशर ओरडले.

"कोन आठवतोय," जगदाळे म्हणाले.

ड्रेशर पांढरेफटक पडले. मी त्यांना असं घाबरलेलं कधीच पाहिलं नाही. "मी ह्याला बिघडवला," असं ते ह्यांना दोनदा म्हणाले. शेवटी जगदाळ्यांनीच निकाल दिला: मैदानात फळा आणायचा नाही आणि टेबलावर चेंडू आणायचा नाही. त्यानंतर ड्रेशर यांत्रिकी शिकवायला आमच्या स्वयंपाकघरात येऊ लागले. फोडणीचा वास आला की त्यांना ठसका लागे, पण उठत नसत.

'वाइल'वर मी एक जालीम उपाय काढला. एका 'वाइल'ला एक पोळी कमी. पहिल्या दिवशी जगदाळे नुसत्या आमटीवर उठले. दुसऱ्या दिवशी गप्पच बसून जेवले. मी म्हटलं, गप्प बसलात तरी कमीच. चौथ्या दिवशी त्यांनी खाली फ्राऊ बोर्मुटना सांगितलं, "मला भूक आहे." बस्स, एवढंच. पूर्ण वाक्य. बाई वाट बघत थांबल्या, पुढे काही येत नाही म्हटल्यावर त्यांनी आनंदानं बादली खाली ठेवली आणि त्यांना बटाट्याचं सॅलड खायला घातलं. मग त्यांनीही शिकवणी सुरू केली. पण बाई पक्क्या इथल्याच. 'इख'ला, म्हणजे 'मी'ला, 'इश' म्हणणाऱ्या. व्हायचं तेच झालं. तोंडी परीक्षेला हानोव्हरकडचे शुद्ध बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी जगदाळ्यांचं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमचे आजोळ डार्मश्टाटच्या बाजारपेठेत आहे का?"

निकालाच्या दिवशी आम्ही तिघंही कॉरिडॉरमध्ये उभे होतो: मी, हे आणि ड्रेशर. ड्रेशरांनी पाइप उलटा तोंडात धरला होता. जगदाळे आत गेले ते येईचनात. पंधरावीस मिनिटं झाली. ह्यांनी माझा हात धरला. एरवी चारचौघांत असं कधी करत नसत. मला तर जगदाळ्यांची आमच्या कोपऱ्यातली पेटी बांधलेली दिसायला लागली.

शेवटी दार उघडून ड्रेशरांच्या जागी आलेले परीक्षकच बाहेर आले, वैतागलेले.

"हेर ड्रेशर, तुमचा हा विद्यार्थी उत्तीर्ण झाला आहे. जर्मन चार, गणित चार, यांत्रिकी तीन. मी त्याला तसं सांगितलं. तो जायला तयार नाही. म्हणतो, मी कुठे चुकलो ते दाखवा. आणि मी एक चूक दाखवली की म्हणतो, आणखी कुठे."

ड्रेशर भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. त्यांना बहुतेक ठसका लागला असावा. फोडणी मात्र जवळपास नव्हती.

लगेचच्या शनिवारी हायडेलबर्गशी परतीचा सामना होता. पोरांनी जगदाळ्यांना खांद्यावर घेतलं. तेव्हा ड्रेशरांनीच नियम काढून दाखवला, की दाखला नव्या सत्रापासून लागू. तोवर ते विद्यार्थी नव्हेत. पोरं त्यांना मनात काय म्हणाली असतील ते असो. जगदाळे पुन्हा रेषेबाहेर. ह्यांनी त्या दिवशी जाड मोजे घातले होते.

शरद ऋतूत हायडेलबर्गशी मात्र ते खेळले. मी ह्यांच्याबरोबर गेले होते. हॉकीतलं मला काही कळत नाही, पण त्या दिवशी कळायची गरज पडली नाही. आपल्या अंगणात कोणी घरचं माणूस सहज फिरावं तसे ते त्या मैदानात फिरत होते. त्यांनी तीन गोल केले. आमच्या गोलकीपरनं चार खाल्ले. ड्रेशर टोपी हवेत फेकून नाचत होते: "एकाच गोलानं! फक्त एकाच!"

गंमत पुढेच झाली. ज्या खेळासाठी एवढा खटाटोप, त्याच्या सरावाला जगदाळे हळूहळू उशिरा येऊ लागले. मग एखादा दिवस चुकवू लागले. प्रयोगशाळेचं काम आहे म्हणत, ड्रॉइंग पुरं करायचंय म्हणत. एकदा त्यांना बोलवायला स्वतः ड्रेशर आमच्याकडे आले. टेबलावर जगदाळे त्यांनीच घातलेली गणितं सोडवत बसले होते.

"हेर जगदाळे, आज सराव आहे."

"हेर प्रोफेसर, उद्या ही तुम्हाला द्यायची आहेत."

ड्रेशर संघाचे वडीलधारेही होते आणि यांत्रिकीचे प्रोफेसरही. दारात उभ्या उभ्या त्यांच्या चेहऱ्यावर ते दोघं बराच वेळ भांडले. शेवटी म्हणाले, "परवा दिलीत तरी चालतील." मग दोन पायऱ्या उतरून परत वर आले. "नाही. उद्याच द्या." आणि एकटेच मैदानाकडे गेले.

साठचं दशक लागून थोडे दिवस झाले होते. ह्यांची डॉक्टरेट झाली आणि आम्ही परत निघालो. निघायचा दिवस नेमका जगदाळ्यांच्या अभ्यासक्रमाच्या मधल्या परीक्षेचा. "स्टेशनवर यायचं नाही," असं मी त्यांना बजावून ठेवलं होतं. आदल्या दिवशी जेवून, माझ्या आणि ह्यांच्या पाया पडून गेले होते. पण गाडीला अवकाश होता आणि सामान पुढे गेलं होतं. ह्यांना म्हटलं, "अहो, जाता जाता नुसतं बघून येऊ."

परीक्षेच्या दालनाला काचेचं दार होतं. आत ओळीनं वाकलेली डोकी. जगदाळ्यांची रुंद पाठ मला लगेच ओळखू आली. बाकावर मावत नव्हती. पहाऱ्याला ड्रेशर. त्यांनी आम्हाला काचेतून पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं. मग हात मागे बांधून रांगांमधून फिरत फिरत जगदाळ्यांच्या मागे येऊन थांबले. थोडे वाकले. कागदावर काय होतं ते आम्हाला दिसत नव्हतं. दिसत होता तो फक्त ड्रेशरांचा चेहरा, आणि तो काही सांगू नये म्हणून ते जिवाचा आटापिटा करत होते.

"अहो, बरं चाललंय की वाईट?" मी कुजबुजले.

हे उत्तर देणार, तेवढ्यात जगदाळ्यांनी मान वर न करता डावा हात उंच केला. ड्रेशर लगबगीनं टेबलाकडे गेले आणि त्यांच्यासाठी आणखी कोरे कागद घेऊन आले.